विश्लेषण : भूल देणारी परिचारिका आपल्याकडे का नाही?

हिंगोली जिल्ह्यातील साखरा येथील गरोदर महिलेला अचानक सिझेरियनची गरज पडली, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरइतकीच शोधाशोध भूलतज्ज्ञाची होते. अमेरिकेत हे काम प्रशिक्षित परिचारिकाही करतात. त्याचे मोठे श्रेय ॲलिस मगॉ यांना जाते. मेयो बंधूंच्या शस्त्रक्रियागृहात ही परिचारिका थेंबाथेंबाने इथर देई, रुग्णाशी बोलत राही, श्वासावरून नजर हटू देत नसे. १९०६ मध्ये त्यांनी १४ हजारांहून अधिक भुलींचा लेखाजोखा मांडला. त्यात भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता.

आपल्याकडे सुरुवात त्याआधीच झाली होती. साखरा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्याच राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, रूपाबाई फर्दुनजी १९ व्या शतकाच्या अखेरीस क्लोरोफॉर्म देत होत्या. पण त्या डॉक्टर होत्या. पुढेही भारतात भूल डॉक्टरांकडेच राहिली.

तुटवडा जाणवू लागल्यावर सरकारने एमबीबीएस डॉक्टरांसाठी १८ आठवड्यांचे, तातडीच्या प्रसूतिसेवेपुरते भूल प्रशिक्षण आणले. परिचारिकांचा विचार त्यात नव्हता. शस्त्रक्रियागृहात त्या मदतीला असतात. स्वतंत्रपणे भूल देण्याची मुभा त्यांना नाही.