शिक्षकाचे समाधान आणि शाळेचे काम

नोकरीतील समाधानाची चर्चा निघाली की ती बहुधा वेतन व बदली यांपाशी येऊन थांबते. हे स्वाभाविकच आहे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यांच्या शाळांतील शिक्षक स्थानिक संस्थेचा सेवक असला, तरी त्याच्या वेतनाचे व निवृत्तिवेतनाचे नियम शासन ठरवते. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांस जुने निवृत्तिवेतन नाकारले गेल्याची खंत मार्च २०२३ च्या संपात प्रकट झाली. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार होण्यासही २०२३ साल उजाडावे लागले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून एक मार्मिक भेद मांडला. वेतन, वरिष्ठांची वागणूक, कामाची परिस्थिती बिघडली की असंतोष उपजतो. मात्र ती सुधारली म्हणजे समाधान लाभतेच असे नाही. ते लाभते कार्यसिद्धी, जबाबदारी व गुणांची कदर यांतून. वेतनाची बाजू त्यांनी थोडी हलकी लेखली, असे माझे मत आहे. मानधनावर प्रपंच चालविणाऱ्यास हा भेद इतका स्वच्छ दिसत नाही.

तथापि आपल्या द्विशिक्षकी शाळांकडे पाहावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंतच्या पटास दोन शिक्षक मिळतात. एक सहकारी मतदारयादीच्या कामास गेला की सर्व इयत्ता दुसऱ्याच्या अंगावर येतात. जनगणना, आपत्ती-निवारण व निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम देऊ नये, असे त्याच कायद्याचे कलम २७ सांगते. पण माहितीचे तक्ते भरण्यातही पाठाचा वेळ जातोच. शिकविण्याच्या श्रमांची तक्रार मी क्वचितच ऐकतो. पाठ अर्धा राहिल्याचे दुःख मात्र वारंवार ऐकतो.

रोवणीच्या दिवसांत पालकांकडे खेटे घालून मुलांना वर्गात परत आणणाऱ्या शिक्षकाचे श्रम कोणत्याच तक्त्यात उतरत नाहीत. म्हणून केंद्रप्रमुखांनी व आम्ही विस्तार अधिकाऱ्यांनी भेटीचा आरंभ हजेरीपटाऐवजी वर्गातून करावा आणि शेरेबहीत "काम समाधानकारक" असे न लिहिता कोणते काम, हे नेमके लिहावे. शिक्षकांनीही कोणते मूल कोणत्या महिन्यात वाचू लागले याची साधी नोंद ठेवावी व ती पुढील शिक्षण परिषदेस आणावी. त्यासाठी नवा नमुना काढला जाणार नाही. मधल्या सुट्टीत वहीच्या पानावर लिहून होईल इतकीच ती असावी.