आर्णीच्या उन्हात अळिंबी? आधी खोली ओळखा!

‘घरबसल्या मशरूम, महिन्याला भरघोस कमाई’ हा व्हिडिओ तुमच्याही फीडवर येऊन गेला असेल. दहा बाय दहाची खोली, दोरीला लटकलेल्या पिशव्या आणि त्यातून फुटलेले पांढरे गुच्छ. बघताना सगळं सोपं वाटतं. आर्णीत तर कच्चा मालही दारातच आहे. सोयाबीनचं कुटार आणि गव्हांडा कुठल्याही शेतकऱ्याकडे मिळेल. स्पॉन, म्हणजे अळिंबीचं बियाणं, कुरिअरने येतं.

कुरिअरने येत नाही ते हवामान. देशाचं मशरूम संशोधन केंद्र हिमाचलातल्या सोलनला आहे. 1997 मध्ये त्या गावाला ‘मशरूम सिटी ऑफ इंडिया’ हे नावही मिळालं. डोंगरातलं थंड गाव ते! तिथलं वेळापत्रक उचलून आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या खोलीत पिशव्या टांगल्या, तर पंधरा दिवसांत पॉकेटमनी गेलाच म्हणून समजा.

दोन आकडे, एकच गोष्ट

घरी सुरुवात करायला सोपी ती धिंगरी अळिंबी. तिला साधारण 20 ते 30 अंश तापमान लागतं आणि पिशवीतून फुटताना 80 ते 90 टक्के आर्द्रता. आपण हे दोन आकडे वेगवेगळे धरतो. खरं तर ते एकमेकांना बांधलेले आहेत.

हवा तापली की तिची पाणी धरून ठेवायची ताकद वाढते. सकाळी 25 अंशांना 80 टक्के आर्द्रता असलेली हवा दुपारी 35 अंशांवर गेली, तर तीच आर्द्रता 45 टक्क्यांच्या आसपास येते. हवेतलं पाणी कुठेही गेलेलं नसतं, फक्त हवा तापलेली असते. म्हणून नुसतं पाणी फवारत बसून भागत नाही. आधी खोली तापू द्यायची नाही.

कूलर कधी चालतो, कधी हरतो?

विदर्भातल्या पोराला कूलर शिकवायची गरज नाही. पण तो थंड कसा करतो? ताट्यांमधलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं. बाहेर 42 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर चांगला कूलर हवा 27-28 अंशांपर्यंत खाली आणू शकतो. शिवाय ओलावाही देतो. एका दगडात दोन पक्षी!

तोच कूलर ऑगस्टमध्ये लावा. बाहेर 31 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक पडतो. हवेत आधीच इतकं पाणी असतं की आणखी वाफ व्हायला जागाच उरत नाही.

म्हणजे आपल्याकडे प्रत्येक हंगामात लढाई वेगळी. उन्हाळ्यात उष्णतेशी, पावसाळ्यात कोंडलेल्या हवेशी आणि हिवाळ्यात कोरडेपणाशी. तिघांत सोपा हिवाळा. दिवसाचं तापमान आपोआप जमतं, फक्त ओलावा आपण द्यायचा. म्हणून पहिली बॅच नोव्हेंबरात लावा, एप्रिलमध्ये नाही. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पीक बदला. दुधी अळिंबी 30-35 अंशांतही येते. तिला वरून मातीचा थर द्यावा लागतो, एवढंच जास्तीचं काम.

एसी नाही, आजीचं घर

टिनाच्या खोलीपेक्षा मातीच्या भिंतीचं कवेलूचं घर या कामाला कितीतरी बरं. जाड भिंत दुपारची उष्णता लगेच आत येऊ देत नाही. टिनाशिवाय पर्याय नसेल तर छतावर पऱ्हाटीचा जाड थर टाका. खाली वाळू पसरून ती ओली ठेवा. खिडकीला ओला बारदाना लावा. लोडशेडिंगमध्ये कूलर बंद पडला, तरी वाळू आणि बारदाना काम करत राहतात.

एक गोष्ट व्हिडिओत सहसा सांगत नाहीत. बुरशी वाढताना पिशवी स्वतःही तापते. आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी जास्त असू शकतं. भिंतीवरचा थर्मामीटर 30 दाखवतोय म्हणून तुम्ही निर्धास्त, आणि पिशवीच्या पोटात बुरशी होरपळतेय! म्हणून पहिले 15-20 दिवस पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका. एका पिशवीच्या आत थर्मामीटर खुपसून बघा.

अळिंबी स्वतःच सांगते

देठ लांब आणि छत्री इवलीशी? आत कार्बन डायऑक्साइड साठलाय, खिडकी उघडा. छत्रीच्या कडा वाळून चिरल्या? ओलावा कमी पडतोय. छत्रीवर पिवळे, बुळबुळीत डाग? पाणी जास्त झालं. थेट अळिंबीवर नाही, भिंतींवर आणि जमिनीवर बारीक फवारा मारा. पिशवीवर हिरवी बुरशी दिसली तर ती पिशवी त्याच दिवशी खोलीबाहेर न्या, नाहीतर बाकीच्याही जातील.

खोलीत जाताना मास्क लावा. पिकलेल्या धिंगरीतून बारीक बीजाणू उडतात. रोज श्वासातून गेले तर खोकला आणि अ‍ॅलर्जीचा त्रास होतो.

आणि विक्री आधी ठरवा. ताजी धिंगरी बाहेर जेमतेम एक दिवस टिकते, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. पावसाळ्यात टेकोडे आवडीने खाणारी आपली माणसं ही विकतची भाजी घेतील का, हे दहा घरी विचारून बघा. उरलेली वाळवता येते, पण दहा किलोची साधारण एक किलोच होते.

पैसे टाकण्याआधीचे सात दिवस

• डिजिटल थर्मो-हायग्रोमीटर घ्या. काही शेकड्यांत मिळतो.

• तो खरं बोलतो का, ते तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चार थेंब पाण्याने ओलसर करा. झाकण आणि मीटर हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी 75 टक्क्यांच्या जवळ आकडा दिसला पाहिजे.

• सात दिवस सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री दहाला दोन्ही आकडे वहीत लिहा.

• दुपारचा आकडा 30 च्या वर जातोय? आधी छत आणि खिडकी सुधारा. स्पॉनची ऑर्डर नंतर.

• वही घेऊन यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा आणि या हवेत कोणती जात घेऊ, असं विचारा.

• सुरुवात दहा पिशव्यांनी करा, शंभरने नाही.

दहा पिशव्या फसल्या तर एका सेमिस्टरचा चहा-समोसा जाईल. शंभर फसल्या तर घरच्यांचा विश्वासही जाईल, आणि तो कुरिअरने परत मागवता येत नाही.