सहभोजनाची किंमत

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अमेरिकस या गावानजीक, १९४२ साली दोन ख्रिस्ती दांपत्यांनी ४४० एकर झिजलेली जमीन घेऊन ‘कोइनोनिया’ ही वसाहत वसविली. नव्या करारातील या ग्रीक शब्दाचा अर्थ सहभागित्व. संस्थापकांपैकी क्लॅरेन्स जॉर्डन हे शेतकीचे पदवीधर आणि ग्रीकचे पंडित. मार्टिन इंग्लंड ब्रह्मदेशात मिशनकार्य करून आलेले. मिळकत सामाईक ठेवावी, शस्त्र धरू नये, वर्णभेद पाळू नये, एवढाच त्यांचा नेम होता.

शेजाऱ्यांना सामाईक तिजोरी फारशी खुपली नाही. खुपली ती पंगत. गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एका टेबलाशी बसून जेवावे, हे दक्षिणेच्या रूढीला मानवणारे नव्हते. १९५० साली फ्लोरिडात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्यास ख्रिस्ती उपासना पाहावयाची होती, म्हणून जॉर्डन मंडळींनी त्यास आपल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये नेले. त्याचा सावळा वर्ण पाहून सभा बिथरली आणि कोइनोनियाच्या लोकांना मंडळीतून काढून टाकण्यात आले. परदेशी धर्मप्रसारासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या चर्चला दाराशी आलेला परदेशी मात्र चालला नाही!

१९५६ पासून बहिष्कार सुरू झाला. खत, बियाणे, विमा, काहीच मिळेना. रस्त्यालगतच्या दुकानात स्फोट झाले, घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्युरीने गुन्हेगार शोधण्याऐवजी वसाहतीवरच कम्युनिस्ट असल्याचा संशय घेतला. तेव्हा पेकनची कवचफळे टपालाने देशभर विकून वसाहतीने तग धरला. सरकारी टपालाला बहिष्कार घालता येत नव्हता.

मात्र कृष्णवर्णीय कुटुंबे सभासद म्हणून थोडीच आली. ज्यांच्या वाट्याला दारिद्र्य जन्मतःच आले, त्यांना स्वेच्छेच्या दारिद्र्याची ओढ का वाटावी? जॉर्डन यांनी हे ओळखले असावे. १९६८ साली, संपत्तीचा त्याग केलेले वकील मिलर्ड फुलर यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी बिननफा, बिनव्याजी घरांची योजना आखली. पुढच्याच वर्षी, पहिले घर पुरे होण्याआधी, ते निवर्तले.

त्या योजनेतून १९७६ साली ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था निघाली. २००६ साली लोणावळ्याजवळ मळवली येथे तिने १०० घरांचे काम हाती घेतले, तेव्हा विटा रचणाऱ्यांत माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरही होते. त्यांचे गाव प्लेन्स हे कोइनोनियापासून काही मैलांवर, त्याच सम्टर परगण्यात आहे.