धाकटी धरणे आणि त्यांचे धनी

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोयना येते, भाक्रा येते. कुणाच्या तरी मळ्याच्या वरच्या अंगाला, घळीत मातीचा बांध घालून अडवलेल्या पाण्याला कोणी धरण म्हणत नाही. तो आपला तलाव! परंतु हवाई बेटांतल्या का लोको तलावाची हकीकत वाचल्यापासून मातीचा कोणताही बांध दिसला की माझी नजर आधी त्याच्या सांडव्याकडे जाते.

कवाई हे त्या बेटांपैकी एक. तिथे १८९० साली उसाच्या मळ्यांना पाणी देण्यासाठी हे मातीचे धरण बांधले गेले. १९७१ साली तिथली ऊस कंपनी बंद पडली. ऊस गेला, पाणी राहिले आणि जमिनीबरोबर धरणही खाजगी मालकीत गेले. २००६ साली फेब्रुवारीअखेरपासून तिथे पावसाने झड धरली. १४ मार्चच्या पहाटे बांध फुटला आणि सुमारे दीडशे कोटी लिटर पाणी उतारावरून समुद्राकडे धावले. वाटेत घरे होती. सात माणसे वाहून गेली. त्यांत एक गरोदर स्त्री होती, एक लहान मूल होते.

चौकशीत सगळा रोख सांडव्यावर आला. जादा पाणी सुखरूप वाहून जाण्याची ती वाट तिथे उरलीच नव्हती. ती भर घालून बुजवली गेली असावी, असा निष्कर्ष निघाला. पुढे २०१३ साली मालकाने निष्काळजीपणाने इतरांचा जीव धोक्यात घातल्याच्या आरोपाला न्यायालयात विरोध केला नाही. त्याला सात महिन्यांची कैद झाली.

सांडव्याला एवढे महत्त्व का? दगडी धरणावरून पाणी सांडले तरी ते पुष्कळदा तग धरते. मातीच्या बांधाचे तसे नाही. माथ्यावरून पाणी उतरू लागले की ते खालच्या अंगाची माती कातरते, पाहता पाहता घळ पडते आणि एकदा खिंडार पडले की तलाव रिता होईपर्यंत पाणी थांबत नाही. दुसरा शत्रू आतला. घुशी-खेकड्यांची बिळे, झाडांची कुजलेली मुळे, विमोचकाच्या नळाभोवतीची सैल माती यांतून पाणी वाट काढते. पाझर स्वच्छ असेल तर त्यावर लक्ष ठेवावे. तो गढूळ झाला तर बांधाची माती आतून वाहू लागली असे समजावे आणि खालच्या वस्तीला तत्काळ उठवावे.

का लोकोची नोंद सरकारी दप्तरात ‘कमी धोक्याचे धरण’ अशी होती. वाचकांना वाटेल, म्हणजे ते मजबूत असणार. तसे नव्हे! ही प्रत बांधाच्या बळकटीवरून लावत नाहीत. तो फुटला तर खाली कोणाचे काय जाईल, यावरून लावतात. खाली चार घरे उभी राहिली की तोच बांध, एक ढेकूळ न हलता, धोक्याचा होतो. दप्तरातली नोंद मात्र कोणी बदलली नाही तर जुनीच राहते.

आपल्याकडे २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. तो पंधरा मीटरांहून उंच धरणांना लागू आहे. दहा ते पंधरा मीटरांपैकी काहींना. त्याहून ठेंगण्या बांधांची राखण मुख्यतः धन्याच्या शहाणपणावरच सोपवलेली आहे. म्हणून माझे सांगणे एवढेच. मृगापूर्वी सांडव्यातला गाळ आणि झुडपे काढा. चार मासे किंवा हातभर जास्त पाणी मिळावे म्हणून सांडव्याच्या तोंडाशी पोती रचू नका. बांधावर झाडे वाढू देऊ नका. मुसळधार पावसात रात्री कंदील नाही तर विजेरी घेऊन एक फेरी मारा. आणि खाली राहणाऱ्यांनी येऊन सांडवा मोकळा आहे का असे विचारले, तर रागावू नका. पाणी तुमच्या मालकीचे असेल. त्याच्या वाटेत झोपलेली माणसे तुमच्या भरवशावर आहेत.