नवजात कामला आणि निळा प्रकाश

सूतिकागृहातून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी आलेले बाळ पिवळे दिसू लागले, की आजी प्रथम आमच्याच दारी येतात. “डॉक्टर, गुटीत काय उगाळू?” हा प्रश्न अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या व्यवसायबंधूंस परिचित असेल. आमचे उत्तर ठरलेले आहे: गुटी नको, आजच बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन बिलिरुबीन तपासा.

चरकाचार्यांनी कामलेस मृदु, तिक्त विरेचन सांगितले ते खरे. परंतु तेथील निदान पित्तकर आहारविहाराचे. तीन दिवसांच्या अर्भकाने कोणता अपथ्य आहार केला? येथे रक्तकण वेगाने फुटतात आणि यकृत अद्याप अपक्व असते. पिवळेपणा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक होतो, म्हणजे नेमका बाळ घरी असताना. बिलिरुबीन अतिशय वाढून मेंदूत शिरले, तर बहिरेपणा व अंगाचा ताठरपणा जन्मभर राहतो.

प्रकाशचिकित्सेचा उगम मात्र आजींच्या कोवळ्या उन्हाशी नाते सांगणारा आहे. १९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड बाळांना बागेत उन्हात नेत. एका बाळाची कांती उजळली. चादरीच्या कोपऱ्याखालचा त्रिकोण तेवढा पिवळाच राहिला. त्यावरून डॉ. क्रेमर व सहकाऱ्यांनी निळे दिवे योजले व १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अनुभव प्रसिद्ध केला. सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या प्रकाशाने त्वचेतील बिलिरुबीनची रचना पालटते आणि यकृताच्या प्रक्रियेवाचूनही ते पित्त व मूत्रावाटे बाहेर पडते. मग ऊनच का नको? उन्हाची मात्रा मोजता येत नाही, उघडे बाळ गारठते वा भाजते; आणि आपल्या पावसाळ्यात ऊन आणावे कोठून? ग्लुकोजचे पाणीही नको. दिवसातून आठ ते बारा वेळा स्तनपान झाले, तरच मलावाटे बिलिरुबीन निघून जाते.

औषधविक्रेत्या बंधूंस एक विनंती. डांबरगोळ्या मागणाऱ्या ग्राहकास, घरात तान्हे बाळ आहे का, हे विचारावे. जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाचे रक्तकण त्या गोळ्यांच्या वासानेही फुटतात, आणि ट्रंकेतली गोधडी तर थेट अंगावर येते. मुंबईतील पारशी समाजात ही कमतरता १९६३ सालीच नोंदली गेली आहे.

पहिल्या चोवीस तासांतील पिवळेपणा, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला रंग, दूध न ओढणे, सुस्ती: यांपैकी काहीही दिसल्यास त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. खर्चाची धास्ती असल्यास २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाची माहिती द्यावी. शासकीय रुग्णालयांत आजारी नवजातास मोफत उपचारांचा हक्क त्यात आहे.

दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा टिकला तर मलाचा रंग अवश्य विचारावा. तो पांढुरका असेल तर पित्तमार्ग बंद असण्याची शंका घ्यावी. तेथे दिव्याचा उपयोग नाही, आणि शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झालेली बरी.