दोन पोळ्या जास्तीच्या

आपल्या शहरांत अन्नदानाची वाण नाही. पितृपक्षात, गणेशोत्सवात, घरातल्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला किंवा वडिलांच्या वर्षश्राद्धाला अनाथाश्रमात आणि वृद्धाश्रमात गोडाधोडाचे जेवण पाठविणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अडचण आहे ती वेळापत्रकाची. अन्नदान तिथी पाहून होते, भूक मात्र तिथी पाहत नाही. एखाद्या संस्थेत रविवारी दोन ठिकाणांहून जिलेबी येते आणि मंगळवारी डाळ कशी पुरवावी याची चिंता असते. म्हणूनच स्थानिक पातळीवर भुकेच्या प्रश्नात काही करू इच्छिणाऱ्या कुटुंबाने पहिला विचार करावा तो नियमिततेचा.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. गरीब विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या घरी वार लावून जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत होती. सोमवारचे जेवण एका घरी, मंगळवारचे दुसऱ्या घरी. घर आणि विद्यार्थी यांच्यातला तो अलिखित करारच होता. मात्र या सोयीला बहुतांशी जातीची कुंपणे होती, हेही विसरून चालणार नाही. ती कुंपणे ओलांडणारा प्रयोग कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केला. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या कर्मवीरांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविली आणि त्यांच्या जेवणासाठी मुष्टिफंडाचा आधार घेतला. दळण-कांडण करताना घरातल्या स्त्रीने मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे, इतकीच अपेक्षा होती. मूठ एका घराला जाणवत नाही. शंभर घरांच्या मुठींवर वसतिगृह चालते.

याच विचाराचे आजचे रूप म्हणजे रोटी बँक. औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) बायजीपुरा भागात डिसेंबर २०१५ मध्ये अशी बँक सुरू झाली. सदस्य कुटुंबाने घरच्यासारख्याच ताज्या किमान दोन पोळ्या व थोडी भाजी आणून द्यायची आणि गरजूने ती न्यायची, असा साधा व्यवहार. यातला ‘ताज्या’ हा शब्द महत्त्वाचा. उरलेले देणे आणि वाटा काढून ठेवणे यांत घेणाऱ्याच्या दृष्टीने फार मोठे अंतर असते. मुंबईतही डबेवाल्यांनी आणि पुढे माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी रोटी बँकेचे उपक्रम उभे केले. त्यांचा भर समारंभांत आणि उपाहारगृहांत शिल्लक राहणारे चांगले अन्न वेळेत पोहोचविण्यावर होता. अशा शिलकी अन्नाच्या वाटपासाठी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये स्वतंत्र नियमही केले. घरगुती स्वयंपाकाला एवढी यंत्रणा लागत नाही. पण थोडे तारतम्य लागते. शिजवलेला भात, खोबऱ्याचे वाटण घातलेली आमटी, दही यांना उकाड्यात दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर ठेवणे धोक्याचे. पोळी, कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी हे पदार्थ प्रवास सोसतात. आपल्या आज्या प्रवासाला दशम्याच का बांधून देत, याचे उत्तर यातच आहे.

पण पोळीच द्यावी का, हाही प्रश्न विचारायला हवा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली येणाऱ्या प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. ज्याच्याकडे शिधापत्रिका चालू आहे, त्याच्या घरी गहू-तांदूळ काही प्रमाणात येतो. डाळ, तेल, दूध, अंडी मात्र बाजारभावानेच घ्यावी लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे आणि २५.६ टक्के मुलांचे वजन उंचीच्या मानाने कमी आहे. या मुलांची ताटे अगदी रिकामी असतीलच असे नाही. ती अपुरी आहेत. त्यांना जिलेबीपेक्षा मूग, चणे, शेंगदाणे अधिक उपयोगाचे. चाळीस घरांच्या सोसायटीत प्रत्येक घराने रोज एक मूठ, म्हणजे साधारण ५० ग्रॅम डाळ डब्यात टाकली, तर दिवसाला दोन किलो आणि महिन्याला साठ किलो डाळ जमते. दरमहा तीन किलोप्रमाणे वीस कुटुंबांची ती सोय होते. कोरडा शिधा नासत नाही, हा आणखी एक फायदा.

शिजवलेले अन्न हवे असते ते ज्यांच्याजवळ चूल नाही त्यांना. परळला टाटा आणि केईएम रुग्णालयांच्या परिसरात गावाकडून आलेले रुग्णांचे नातेवाईक दिवसेंदिवस पदपथावर काढतात. दाखल रुग्णाला रुग्णालयातून जेवण मिळते, पण त्याच्यासोबत आलेल्याचे काय? तो खर्च वाचविण्यासाठी चहा-पावावर दिवस ढकलतो. अशा ठिकाणी कोणत्या वाराला डबे कमी पडतात, हे तेथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला विचारावे आणि तोच वार आपल्या कुटुंबाने उचलावा. रुग्णाला मात्र बाहेरचे अन्न डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

ज्याच्या वाट्याचे धान्य त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, अशा माणसाला वेगळी मदत लागते. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना जून २०२२ मध्ये आसाम सामील झाल्यावर देशभर लागू झाली. बिहारचा गवंडी किंवा बीडची घरकामगार आपल्या गावच्या पत्रिकेवर मुंबई-पुण्यातील दुकानातून आपल्या वाट्याचे धान्य घेऊ शकते. अनेकांना हे ठाऊक नसते, कोणाचे आधार जोडलेले नसते, तर कोणी दुकानदाराच्या एका नकारावर परत फिरतो. घरातल्या महाविद्यालयीन मुलाने अशा एखाद्या कुटुंबाबरोबर शिधावाटप कार्यालयात दोन सकाळी घालविल्या, तर त्यातून जे मिळते ते वर्षभर पुरते. चार जणांच्या घराला दरमहा वीस किलो! एवढा शिधा आपण खिशातून किती महिने देऊ शकू?

लहान मुलांना या कामात घ्यायचे तर त्यांना खरे काम द्यावे. डाळ मोजणे, डब्यावर तारीख-वेळ लिहिणे, वही ठेवणे हे आठ-दहा वर्षांची मुले उत्तम करतात. मुलाच्या हातून पाकीट देववून छायाचित्र काढण्याची हौस मात्र टाळावी. घेणाऱ्यालाही त्याच वयाचे मूल असते आणि ते शेजारी उभे असते.

बहुतेक गट पहिल्या उन्हाळ्यात विस्कटतात. परीक्षा संपतात, कुटुंबे गावी जातात आणि डबे बंद पडतात. नेमक्या त्याच दिवसांत शाळेतला पोषण आहारही एरवी बंद असतो आणि वस्तीतल्या मुलांचे दुपारचे जेवण तुटते. म्हणून एप्रिल-मेच्या पाळ्या फेब्रुवारीतच वाटून घ्याव्यात, गावी जाणाऱ्या घरांनी आपला शिधा आगाऊ भरावा आणि वहीची जबाबदारी शहरातच राहणाऱ्या एखाद्या निवृत्त जोडप्याकडे सोपवावी.