आभासी वास्तवाचे संकल्पन : पदव्युत्तर शिक्षणाची नवी दिशा

डोळ्यांवर यंत्र चढविताच समोरची खोली नाहीशी व्हावी आणि तेथे खाणीतील बोगदा किंवा शस्त्रक्रियागृह उभे राहावे, ही आता केवळ कल्पना राहिलेली नाही. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी हार्वर्ड विद्यापीठात १९६८ मध्ये असे यंत्र सिद्ध केले. ते छताला जोडलेले असे. आजचा हेडसेट सहज डोक्यावर बसतो.

तीन प्रकार

संपूर्ण दृश्य कृत्रिम असल्यास त्यास आभासी वास्तव म्हणतात. प्रत्यक्ष दृश्यावर चित्र वा माहिती चढविल्यास ते संवर्धित वास्तव होय. कृत्रिम चेंडू खऱ्या टेबलावर आपटून उसळावा, अशी दोहोंची सांगड म्हणजे मिश्र वास्तव.

यंत्राइतकाच माणसाचा अभ्यास

हेडसेट प्रत्येक डोळ्यास किंचित निराळे चित्र दाखवितो. त्यातून खोलीचा भास होतो. मान वळताच सुमारे २० मिलिसेकंदांत चित्रही बदलावे लागते. विलंब झाल्यास घेरी व मळमळ जाणवते. वेगवान संगणक हा विलंब दूर करू शकतो. परंतु बसलेल्या प्रेक्षकास दृश्यात धावते ठेवल्यास डोळे गती सांगतात आणि कानातील तोलेंद्रिय स्थैर्य. हा दोष संकल्पनाचा होय. म्हणूनच या अभ्यासात संगणक-आज्ञावली व त्रिमितीय चित्रणाबरोबर मानवी संवेदना, ध्वनी, रेखाटन आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून चाचणी यांस स्थान असते.

प्रवेशाची वाट

मुंबईच्या आयआयटीतील, १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आयडीसी या संकल्पन विद्यालयात ‘इंटरॅक्शन डिझाइन’ विषयात दोन वर्षांची एम.डेस. पदवी घेता येते. या क्षेत्राचा पाया तेथे घालता येतो. त्यासाठी ‘सीड’ ही परीक्षा द्यावी लागते. किमान तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाचे विद्यार्थी या परीक्षेस बसू शकतात. वयाची अट नाही. मात्र प्रत्येक संस्थेचे प्रवेशनियम निराळे असल्याने ते आधी पाहणे इष्ट.

शिक्षकांनी व स्थानिक संस्थांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. शाळेसाठी हेडसेट खरेदी करणे सोपे असते. त्यातील पाठ कोणी रचला आणि मुलांवर त्याची चाचणी झाली काय, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. असे पाठ मराठीत रचावयाचे तर वर्गात गणिताबरोबर चित्रकलेतही रमणाऱ्या मुलामुलींना ही वाट दाखविली पाहिजे.